वरचा बाण

९ जुलै

चि. हनुवटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे लिहितोय तेव्हा ते चालू आहे. चार मिनिटं झाली. पडदा काळा आहे. आवाज येतोय. चादर सरकली तिचा, खाटेच्या स्प्रिंगचा, बाहेरून एक ढकलगाडी गेली तिचा. मधूनच तुझ्या आईच्या घशाचा. रंगात आली की तिच्या घशातून आवाज निघायचा आणि तिला स्वतःला तो कधी ऐकू यायचा नाही. तोच.

आत्ता पाचव्या मिनिटाला तळहातावर तळहात आपटला. एकदाच, जोरात. म्हणजे ‘ठरलं’. ही एक खूण ऐकू येते. बाकीच्या दिसाव्या लागतात. काय ठरलं ते मला दिसत नाही.

तू मार्चमध्ये तुझा जुना लॅपटॉप मला देऊन गेलास, त्यात तिच्या फोनमधले फोटो घालून दिलेस. ते मी रोज चार-चार बघतो. काल शेवटाला पोचलो. फोटोंनंतर ही फिल्म आहे, अकरा मिनिटांची. तारीख ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची, दुपारी तीनची. तिने फोन कशाला तरी टेकवून ठेवला असणार आणि समोर बसून बोलली असणार. लिहिणं तिला न बसणाऱ्या चपलेसारखं होतं, चार शब्दांपुढे पाऊल पडायचं नाही. लांबलचक बोलायचं तर हातच.

आज लॅपटॉप चौकातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेला. त्याने अर्धं मिनिट कान लावला आणि म्हणाला की काका, यात कोणी बोलतच नाहीये, चुकून चालू राहिलंय, पुसून टाका म्हणजे जागा मोकळी होईल. मी म्हटलं, बोलतेय. वजनात मारणारा दुकानदार काटा तपासायला आलेल्या माणसाकडे जसा बघतो तसा तो बघायला लागला. शिवाय हे लिनक्स आहे, नेहमीचं विंडोज नाही, आम्ही यात हात घालत नाही, असंही सांगितलं.

तेव्हा तूच शिकव. फोनवर नको. फोनवर तू भराभर बोलतोस आणि मी चिडतो. आणि आपल्या घरात महत्त्वाचं ते कागदावर, हा तिचाच नियम.

नऊ महिने एकच गोष्ट मनात आहे, ती लिहून टाकतो. ऑपरेशनला ती समजून तयार झाली होती का? तू सांगतोस, हो म्हणाली. तू सांगतोस म्हणजे म्हणाली असेल. पण मला ते तिच्या हातून हवंय. तिच्या खुणा वाचणारे आता जगात दोघंच उरलो, तू आणि मी.

तब्येत ठीक. स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे, बाकी काही नवीन नाही.

लोभ आहेच, पत्राने तो दाखवावा.
बाबा


१७ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही त्या कॉम्प्युटरवाल्याकडे पुन्हा जाऊ नका. तो काहीतरी पुसून ठेवील.

फिल्ममध्ये आवाजाचं आणि चित्राचं गाठोडं वेगवेगळं बांधलेलं असतं. गाठ सोडायची रीतही वेगळी. या लॅपटॉपला आवाजाची गाठ सोडता येते, चित्राची येत नाही. ती सोडणारा एक छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. पण आधी तुम्हाला आज्ञा देता आल्या पाहिजेत. घाईत एखादी चुकीची ओळ गेली तर फोटोही जातील. कदाचित फाइलच बिघडलेली असेल. फार आशा धरू नका.

सोबत तीन चिठ्ठ्या आहेत. लॅपटॉप चालू केल्यावर खालच्या पट्टीत काळ्या चौकोनाचं चित्र दिसेल, ते दाबा. काळी खिडकी उघडेल. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माउसचा उपयोग नाही. आपण एक ओळ लिहायची, एन्टर दाबायचं. पहिल्या चिठ्ठीवरची आज्ञा म्हणजे मी कुठे आहे. दुसरी म्हणजे इथे काय काय आहे. तिसरी म्हणजे अमुक ठिकाणी ने. दोन शब्दांमध्ये एक जागा मोकळी सोडायची. रोज एकच चिठ्ठी करा.

माझं ठीक चाललंय. कचेरीतली यंत्रं एका थंड खोलीत असतात, त्यांना पडदेही नाहीत. मी दिवसभर अशाच काळ्या खिडकीतून त्यांच्याशी बोलतो. माणसांशी फारसं बोलावं लागत नाही.

नळाला नवा वायसर टाकून घ्या. शहरभरचे काटे दुरुस्त केलेत, घरचा नळ तेवढा गळतो.

आपला लोभ माझ्यावर आहे तसा राहावा.
हनुवटी


२६ जुलै

चि. हनुवटीस,
आशीर्वाद. वि. वि.

तिन्ही चिठ्ठ्या झाल्या. एका दिवसात तिन्ही केल्या, तू रागावलास तरी.

मी कुठे आहे, असं विचारायची सोय असणं मला फार आवडलं. दिवसातून चार-पाच वेळा उगाच विचारतो. खिडकी दर वेळी तेच उत्तर देते, कंटाळत नाही.

चिठ्ठ्या टिकाव्यात म्हणून जाड कागदावर उतरवून कपाटाच्या काचेच्या दाराला लावल्या. जाड कागद शोधताना तिच्या चिठ्ठ्यांचा खोका उघडला. ‘दूध बघ.’ ‘शिंपी आला होता.’ ‘माझा चष्मा तुझ्या खिशात.’ सगळ्यांची मागची बाजू कोरी. त्यावरच तुझ्या आज्ञा लिहिल्या. लिहिताना हात अडखळला, पण कागद चांगला आहे. आता दाराच्या एका बाजूने बघितलं की चष्मा आणि दुसऱ्या बाजूने बघितलं की मी कुठे आहे.

पहिले दोन दिवस मला वाटलं खिडकी बिघडली आहे. अमुक ठिकाणी ने म्हटलं की ती काही बोलतच नाही, मुकाट्याने पुढची ओळ समोर ठेवते. चुकलं तरच तोंड उघडते. मग लक्षात आलं की न बोलणं म्हणजेच झालं. या घरात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कळायला दोन दिवस लागावेत, याची लाज वाटली.

एकदा खिडकीने पासवर्ड मागितला, त्याचंही तेच. मी अक्षरं दाबतोय आणि पडद्यावर ठिपकासुद्धा नाही. कळा मेल्या समजून लॅपटॉप आपटणार होतो. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई म्हणाल्या की त्यांच्या भावाच्या यंत्रावरही असंच होतं, दिसत नाही पण घेतो. घेतला. पासवर्डला माझ्या पहिल्या परवान्याचा नंबर ठेवलास, ते बरं केलंस. तो मी झोपेतही सांगेन. इंटरनेटही बाईंच्याच घरून घेतलंय, ‘आहे तसं वापरा काका’ म्हणाल्या.

फिल्म काल पुन्हा ऐकली. ‘ठरलं’ पाचव्या मिनिटाला एकदा आणि अगदी शेवटी एकदा. मध्ये ती हसली आहे.

पुढच्या चिठ्ठ्या पाठव. तो बसवायचा प्रोग्राम कधी येणार? काट्याचं झाकण उघडून ठेवून गिऱ्हाइकाला ताटकळत बसवू नये, असं माझे वस्ताद म्हणायचे.

दमाने जेवत जा. लोभ वाढता असू दे.
बाबा


४ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमची प्रगती बघून बरं वाटलं. आमच्याकडे नवीन आलेली मुलं आठवडाभर माउस शोधत बसतात.

सोबत आणखी चार चिठ्ठ्या. नवी फाइलपेटी करणं, फाइलची नक्कल काढणं, एखादी फाइल उघडून वाचणं, आणि कुठल्याही आज्ञेची माहिती मागणं. फिल्मची नक्कल आधी काढून दुसऱ्या पेटीत ठेवा. हे करायला वेळ लागू द्या.

एक सोपी युक्ती. तीच आज्ञा परत द्यायची असेल तर पुन्हा टाइप करत बसू नका. कीबोर्डवर चार बाण आहेत, त्यातला वरचा बाण दाबा. मागची ओळ परत येते. तुमच्या बोटांना तेवढाच आराम.

प्रोग्रामचं म्हणाल तर मला वाटतं थंडीपर्यंत थांबावं. तेव्हा रजा घेऊन येईन आणि मीच बसवीन. चुकीचा बसला तर काढायला त्रास होतो. फाइल खराब असण्याची शक्यता जास्त आहे, तेव्हा घाई करण्यात अर्थ नाही. तोवर फोटो बघा.

आई हसल्याचं लिहिलंत. ते खोकणंही असू शकेल.

इकडे सगळं नेहमीसारखं. आपली माया असावी.
हनुवटी


१२ ऑगस्ट

चि. हनुवटीस,
आशीर्वाद. वि. वि.

ते खोकणं नाही. एकेचाळीस वर्षं ऐकलंय.

नक्कल काढली. उघडून आवाजही तपासला, अकरा मिनिटं पुरी आहेत. खऱ्या वजनाला हात लावायच्या आधी दुसरं वजन तयार ठेवावं, हे मला कुणी शिकवायला नको होतं, पण आज्ञा पाठवलीस ते बरं झालं.

आता वरच्या बाणाबद्दल.

एकदा दाबला की मागची ओळ येते, दोनदा दाबला की त्याच्या मागची. ही गंमत मला आवडली आणि मी दाबत सुटलो. माझ्या ओळी एकामागून एक आल्या. मी कुठे आहे, मी कुठे आहे, इथे काय आहे. माझ्या चुकाही आल्या, खिडकी एकही विसरलेली नाही. मग माझ्या ओळी संपल्या. बाण थांबला नाही. तुझ्या ओळी यायला लागल्या.

मला त्यातलं बरंचसं समजलं नाही. तीन ओळी समजल्या. इंग्रजी माझं परवान्याच्या फॉर्मापुरतं, पण तेवढं पुरलं. बाण उलटा चालतो म्हणून मला शेवट आधी दिसला. शेवटच्या ओळीत एक प्रोग्राम काढून टाकलेला आहे. त्याच्या आधीच्या ओळीत तिच्या फिल्मचं नाव आहे, म्हणजे ती चालवलेली आहे. त्याच्या आधीच्या ओळीत तोच प्रोग्राम बसवलेला आहे.

तिन्ही ओळी कागदावर उतरवून पुढून वाचल्या. बसवलं. फिल्म लावली. काढून टाकलं. मग लॅपटॉप मला आणून दिलास.

म्हणजे फाइल खराब नाही आणि तुला ते माहीत आहे.

बसवायची ओळ या क्षणी माझ्यासमोर आहे. एन्टर दाबायचं आणि पासवर्ड द्यायचा, एवढंच बाकी आहे. तुझी गरज नाही. पण मी दाबलेलं नाही. झाकण मी उघडायच्या आधी आत काय आहे ते तू सांगावंस असं वाटतं. मी रागावलो आहे की नाही ते मला अजून कळलेलं नाही, तेव्हा त्याचा विचार करू नकोस.

वाट बघतो.
बाबा


१ सप्टेंबर

चि. हनुवटीस,
आशीर्वाद.

वीस दिवस झाले, पत्र नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानेच लांबून हात हलवून नाही म्हणून सांगितलं.

ओळ अजून तशीच आहे. लॅपटॉप बंद केला तरी बाणात ती असते.

नळ गळतोच आहे.
बाबा


८ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे पाचवं. हे पाठवतोय.

तुम्ही ओळी बरोबर वाचल्या. लॅपटॉप तुम्हाला द्यायच्या आदल्या आठवड्यात मी फिल्म लावली. चित्र आलं. खिडकीशेजारची खाट, मागे पाण्याची बाटली. ती फोन टेकवून मागे सरकली, केस नीट केले, थेट माझ्याकडे बघितलं आणि हनुवटीवर दोन टिचक्या मारल्या. माझं नाव. सातवा सेकंद होता. मी बंद केलं. प्रोग्राम काढून टाकला. फाइल पुसायला गेलो तर हात होईना. म्हणून दार तेवढं ओढून घेतलं.

वरच्या बाणात ओळी राहतात हे मला माहीत नसेल असं नाही. माझा धंदाच तो. तुम्हाला बाणाबद्दल लिहिताना ते आठवलं नाही. किंवा आठवलं असेल. मी याचा बराच विचार केला आणि मला सांगता येत नाही.

आता खरं ते लिहितो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टर खाटेपाशी आले. मला म्हणाले, आईंना नीट समजावून सांगा. ऑपरेशन केलं तर जगण्याची शक्यता निम्मी आहे, नाही केलं तर पाच-सहा महिने, पण घरी. निवड त्यांची आहे. मग ते माझ्या हातांकडे बघत उभे राहिले. मी हात उचलले आणि तिला सांगितलं की लहान काप आहे, झोपवतील, आठ दिवसांत घरी. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान हलवली. मी डॉक्टरांना सांगितलं, हो म्हणते.

त्यांना आमच्या खुणा कुठून कळणार? आजूबाजूच्या कुणालाच कळणार नव्हत्या. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. एवढ्या लोकांच्या देखत एवढं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की आपल्या खुणांत तसा शब्द नव्हता. पण ‘निम्मं’ आहे. तळहाताच्या मधोमध बोटाने रेघ. ‘मरण’ आहे. ‘तू ठरव’ आहे, ते तर ती रोज भाजी आणताना म्हणायची. तेव्हा शब्द नव्हता असं म्हणता येत नाही. तिने नको म्हटलं असतं, याची भीती होती. ती डॉक्टरांना नेहमीच नको म्हणायची. मला ती हवी होती, म्हणून तिचं ठरवणं मी करून टाकलं. चौथ्या दिवशी ती शुद्धीवर न येताच गेली.

सातव्या सेकंदाला तिने माझं नाव घेतलं तेव्हा मला दोनच गोष्टी दिसल्या. एक, तिला काही माहीत नाही आणि ती हसत ‘आठ दिवसांनी येते’ म्हणणार. दुसरी, तिला कळलंय आणि ती मला विचारणार. दोन्ही बघवणार नव्हतं. आणि तुमच्या शेजारी बसून तर नाहीच.

तुम्ही तिथे नव्हतात, तापाने घरी पडून होतात. तुम्ही असतात तर मी ते बोलू शकलो नसतो. हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

एन्टर दाबा. माझ्यासाठी थांबू नका. पुढे काय आहे ते कळवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

लोभ मागायचा हक्क आज नाही.
हनुवटी


१६ सप्टेंबर

चि. हनुवटीस,
अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल सकाळी आलं. दोनदा वाचलं. मग चहा केला आणि तो तसाच राहिला.

मला ताप नव्हता.

तू येण्याआधी चार दिवस डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावून तेच सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत. निम्मं. मी बाहेर आलो, ती बाकावर बसली होती. तिने विचारलं काय म्हणाले. मी म्हटलं, मुलगा आला की तो समजावील, त्याला डॉक्टरांचं बोलणं चांगलं कळतं. आणि त्या सकाळी तुला अंगात कसकस आहे म्हणून सांगितलं. माझे हात तिच्यापुढे खोटं बोलू शकत नाहीत. आजवर एकदा प्रयत्न केला होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, आणि तिने माझी बोटं धरून ठेवली होती. खरं सांगायची छाती नव्हती आणि खोटं सांगायची सोय नव्हती. म्हणून तुला पुढे केलं. मी त्या दिवशी मंडईत काटे तपासत होतो. अकरा काटे. एकही चुकलेला नव्हता.

तू खोटं बोललास, मी गैरहजर राहिलो. मोठा मी आहे, तेव्हा वजनही माझंच जास्त.

हे मनाशी नीट मांडून झाल्यावर दुपारी बाण दाबला, ओळ आणली आणि एन्टर दाबलं. पासवर्ड दिला, काही दिसलं नाही, घेतला. बऱ्याच ओळी सरकल्या. मग खिडकी गप्प झाली. तीन वाजता फिल्म लावली.

तिचे हात मी जसेच्या तसे उतरवतोय. तीन वेळा थांबवून तपासलंय.

तू सात सेकंदांवर बंद केलंस. तिने तुझं नाव घेतलं ते तुला हाक मारायला नव्हे. पुढचीच खूण ‘बाहेर’. ‘मुलगा बाहेर गेलाय, आता बोलते.’ सगळं बोलणं माझ्याशी आहे. आणखी दोन सेकंद थांबला असतास तर तेवढं तरी कळलं असतं.

मग म्हणते: ‘मुलगा म्हणतो, लहान काप, आठ दिवस. चांगलं सांगतो. मी विश्वास ठेवला असता.’ मग माझं नाव, तर्जनी उभी धरून हलवायची आणि थांबवायची. ‘काटा आला नाही. काट्याला ताप नाही, सकाळी घरून निघताना कपाळाला हात लावून बघितला होता. दातांच्या डॉक्टरकडे येतो, चष्म्याच्या दुकानात येतो, इथे आला नाही. म्हणजे लहान नाही.’

पाचवं मिनिट हे. ती खिडकीबाहेर बघते. मग: ‘मला कुणी विचारलं नाही. मी मला विचारलं. पाच-सहा महिने तुम्ही दोघं माझ्याभोवती तोंडं पाडून फिरणार, ते नको. जाते. बघू.’ आणि तळहातावर तळहात. ठरलं.

पाच-सहा महिने तिला कुठून कळले, असा मला प्रश्न पडला. नंतर म्हणते की डॉक्टरांनी बोटं मोजली होती. पाच, मग सहा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट. तुझ्याशी बोलताना. तू तिला आठ दिवस म्हणालास, पण डॉक्टरांनी आठ बोटं उघडलीच नव्हती. माणसं बोलताना हात हलवतात आणि विसरतात की हात बोलतात. एवढंच तिचं म्हणणं. राग दिसला नाही. नाही, दिसला, थोडा. ‘भित्रे’ म्हणाली. एका हाताची दोन बोटं दुसऱ्या हातामागे लपवायची, ती खूण. एकदा तुझ्यासाठी केली, एकदा माझ्यासाठी. माझी मोठी केली, कोपरापर्यंत लपवली, आणि हसली. ते हसणंच होतं.

पुढे कामं आहेत. जाड पांघरुणाला ऊन दाखव. शिंप्याकडे माझा कपडा आहे तो आण, मी नसले तरी आण. चिठ्ठ्या फेकू नकोस, मागची बाजू कोरी आहे. स्वयंपाकघरातल्या नळाखाली डाग पडलाय, रोज मोठा होतो, तुला ऐकू येत असेल, मग बसून का असतोस?

आणि शेवटी तुझं नाव पुन्हा. ‘मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. त्याचे हात आज फार दमले होते.’ मग ठरलं. मग ती वाकते आणि फिल्म संपते.

एकेचाळीस वर्षांत तिचं म्हणणं मी मोडलं नाही, असं मला उगाच वाटत असे. हे मात्र मोडतो आहे आणि जाणून मोडतो आहे. तू मला लिहिलं नसतंस तर मोडलं नसतं.

तिचं ठरवणं तू केलं नाहीस. करायला गेलास, पण तिने ते करू दिलं नाही. आपण दोघांनी तिला विचारलं नाही, हे मात्र राहतंच. ते पुसायची आज्ञा असेल तर पाठवू नकोस.

सोबत पेनड्राइव्ह आहे. नक्कल मीच केली. तुझ्याकडच्या यंत्रावर गाठ सुटत नसेल तर बसवायची ओळही चिठ्ठीवर लिहून दिली आहे. चिठ्ठीच्या मागे तिच्या अक्षरात ‘लवकर ये’ आहे. मुद्दाम निवडली नाही, खोक्यात वरच होती.

शिंप्याकडे अकरा महिन्यांनी जायचं म्हणजे तो काय म्हणेल कोण जाणे. जाईन.

मागायचा हक्क नाही असं पुन्हा लिहू नकोस. लोभ मागावा लागत नाही.
बाबा

ता. क. १७ सप्टेंबर, सकाळ. पत्र पाकिटात घालायच्या आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून वायसर आणला आणि नळ खोलून बसवला. वीस मिनिटं लागली. गळत नाही.